वरची श्रेणी नसलेला वजनतक्ता: मराठवाड्यातील बालकांचे वजन आणि दवाखान्याची वाट

१९७० च्या दशकापासून पुढे सुमारे तीस वर्षे अंगणवाडीच्या दप्तरात बालकाच्या वजनाच्या पाच जागा होत्या. एक 'सर्वसाधारण' आणि तिच्याखाली उतरत जाणाऱ्या चार श्रेणी. सर्वसाधारणच्या वर जागाच नव्हती. वयाच्या मानाने दीडपट वजनाचे मूल काट्यावर ठेवले, तरी त्याची नोंद 'सर्वसाधारण' अशीच होई.

आज लहान मुलांमधील स्थूलता हा दवाखान्यात दाखवण्याचा आजार आहे असे डॉक्टर सांगतात, आणि पालक ते मनावर घेत नाहीत. यावर 'लोकांना कळत नाही' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. पण दप्तरातील ती नसलेली जागा ध्यानात घेतली, तर पालकांच्या वागण्यामागे एक सलग इतिहास दिसू लागतो. हा धागा त्या इतिहासाचा आहे, आणि त्याचे एक टोक नांदेड जिल्ह्यातील बिलोलीपाशी आहे.

बिलोली हा तेलंगणाच्या सीमेला भिडलेला तालुका. मांजरा नदी याच भागातून सीमेलगत वाहत पुढे गोदावरीला मिळते. हुतात्मा गोविंदराव पानसरे यांचे अर्जापूर इथलेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सीमा अशा सरकल्या, तरी माणसांच्या वाटा लगेच सरकत नाहीत. आजारी माणसाला नांदेडला न्यावे की बोधन-निजामाबादकडे, हा प्रश्न इथल्या घरांना नवा नाही. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९८८ मध्ये. बिलोलीहून ते सुमारे पाऊणशे किलोमीटर. आजारी मुलाला तिथे न्यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी, दोन माणसांचे भाडे आणि घरी राहिलेल्या लेकरांची सोय, एवढा हिशेब आधी मांडावा लागतो. हा हिशेब या इतिहासात वारंवार परत येणार आहे.

आधी शब्दांकडे पाहू. लहान मुलाच्या अंगावरील मांसल गोलाईला मराठीत 'बाळसे' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्यात निव्वळ कौतुक आहे. गुटगुटीत, बाळसेदार, अंगाने भरलेला, खात्यापित्या घरचा: सगळे शब्द आशीर्वादासारखे. उलट बाजूला 'हाडाची काडे', 'सुकलेला', 'रोडावलेला' असे काळजीचे शब्द. ज्या समाजाने शतकानुशतके दुष्काळ आणि साथी पाहिल्या, त्याच्या भाषेत लहान मुलाच्या अंगावरील चरबी म्हणजे पुढच्या आजारपणासाठी ठेवलेली शिल्लक. तिला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट. खेड्यांत मुलाचे वजन करायला आलेल्या परिचारिकेला कैक घरांनी सुरुवातीला नकार दिला, त्यातही हीच भीती होती. लेकरू काट्यात घालून तोलणे म्हणजे त्याच्या वाढीवर बोट ठेवणे.

सरकारी आणि सामाजिक संस्थांनीही याच कौतुकाला व्यासपीठ दिले. १९२४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नीच्या पुढाकाराने देशभर राष्ट्रीय बालसप्ताह सुरू झाला. माता-बालसंगोपनाची प्रदर्शने, व्याख्याने आणि बालकांच्या स्पर्धा असे त्याचे स्वरूप होते. पुढे 'सुदृढ बालक स्पर्धा' महाराष्ट्राच्या गावोगावी रुजली. बालमृत्यू भयंकर असलेल्या काळात हेतू योग्यच होता. परंतु पाहणाऱ्यांच्या मनात 'सुदृढ' या शब्दाचे चित्र पक्के झाले ते गोल गालांच्या बाळाचे.

आता त्या पाच जागांकडे. वजनावरून कुपोषणाच्या पायऱ्या पाडण्याची पद्धत मेक्सिकोतील बालरोगतज्ज्ञ फेदेरिको गोमेझ यांच्या नावाने ओळखली जाते. १९५६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला प्रश्न साधा आणि भीषण होता: दाखल झालेल्या कुपोषित मुलांपैकी कोणते मूल दगावण्याची शक्यता अधिक? त्यासाठी वयाला अपेक्षित वजनाच्या ९० टक्क्यांखाली पहिली, ७५ खाली दुसरी आणि ६० खाली तिसरी पायरी ठरली. मरणाच्या दारातले मूल ओळखण्यासाठी घडवलेल्या या मापाला वरची बाजू असण्याचे कारणच नव्हते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९७२ मध्ये याच धर्तीवर आपले वर्गीकरण केले. ८० टक्क्यांवर सर्वसाधारण, त्याखाली चार श्रेणी. अंगणवाडीने तेच स्वीकारले.

त्याच १९७२ मध्ये अमेरिकेत अन्सेल कीज यांनी वजन भागिले उंचीचा वर्ग या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. सूत्र होते बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. जगाच्या एका भागात चरबी मोजण्याच्या मापाचे बारसे होत होते, आणि त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला होता.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील घरांत अजून नावाने ओळखला जातो. 'बहात्तरचा' म्हटले की पुरे. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी या दोन गोष्टींची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. त्या वेळी आईबरोबर खडीच्या कामावर गेलेली आठ-दहा वर्षांची मुलगी आज साठी ओलांडलेली आजी आहे. नातवाच्या ताटात न मागता तुपाची धार सोडणारा हात तिचा आहे. नातवाचे वजन जास्त आहे असे तिला सांगणाऱ्या डॉक्टरने, आपण कोणाशी बोलत आहोत, हे आधी समजून घेणे बरे.

या दुष्काळाच्या उंबरठ्यावर, १९७० मध्ये, रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. जामखेड तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, पण बीडच्या सीमेला लागून, म्हणजे मराठवाड्याच्या दारातच. वेल्लोरला शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले हे दोघे. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात, आणि गावाला त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवण्याचा मार्ग त्यांनी धरला. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेक दलित समाजातील होत्या. मुलांची वजने करणे, आईला घरच्याच धान्यातून काय भरवायचे ते सांगणे, कोणते मूल दवाखान्यात न्यायचे ते ओळखणे ही कामे या स्त्रिया करू लागल्या. काट्याची भीती गेली, कारण काटा धरणारी बाई शेजारच्याच आळीतली होती. तिचीही मुले त्याच काट्यावर चढत होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडचे मोठे काम म्हणजे 'लोक दवाखान्यात का येत नाहीत' या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या अज्ञानात न शोधता दवाखान्याच्या रचनेत शोधणे. आजही हा क्रम उलटाच लावला जातो, म्हणून ते मुद्दाम सांगायचे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि यथावकाश अंगणवाडी खेडोपाडी पोहोचली. तरी श्रेणी तीन आणि चारची मुले दप्तरात राहत आणि दवाखान्यात पोहोचत नसत. या कोंडीवर मराठवाड्यातच मोठा प्रयत्न झाला. औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने २००२ पासून विभागातील बालकांची वजने नेटाने घेतली जाऊ लागली. नांदेड याच विभागात. त्याच अनुभवावर २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे केले, आणि त्याचे मुख्यालय औरंगाबादला ठेवले.

पुढच्या काळात रूढ झालेल्या व्यवस्थेतील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, ग्राम बालविकास केंद्र. मूल दवाखान्यात नेण्याइतके गंभीर नसेल, तर अंगणवाडीतच सुमारे महिनाभर दिवसातून अनेक वेळा आहार, औषध आणि वजनाची नोंद. उपचारच गावात आला. दुसरी, बुडीत मजुरी. गंभीर मुलाला दाखल केले तर सोबत राहणाऱ्या आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. 'लेकराला दाखल करा' या वाक्याचा अर्थ मजूर बाईच्या कानी 'रोजगार सोडा' असा पडतो, हे शासनाने कागदावर मान्य केले. पैसे वेळेवर मिळण्याची रड अर्थातच राहिली. तरीही आरोग्यसेवेच्या इतिहासात ही मान्यता लहान नाही.

एवढ्या सगळ्या खटपटीतून घरोघरी एक धडा पक्का झाला. काट्याचा आकडा वर गेला की शाबासकी, खाली आला की काळजी. तीन पिढ्यांना शासनाने, डॉक्टरांनी आणि आजीने एकाच सुरात हे शिकवले. आता त्याच काट्याजवळ उभे राहून 'आकडा जास्त आहे' असे म्हटले, तर आईच्या चेहऱ्यावर उमटणारा अविश्वास स्वाभाविक म्हणावा लागतो.

हा अविश्वास केवळ आपल्याकडचा नाही. १९३४ मध्ये जर्मनीतून ज्यू निर्वासित म्हणून न्यूयॉर्कला आलेल्या हिल्डे ब्रुख या डॉक्टरला शहरातील जाड मुलांची संख्या पाहून आश्चर्य वाटले. त्या वेळी असा जाडपणा ग्रंथींच्या बिघाडामुळे येतो, असा समज प्रबळ होता. ब्रुख यांनी मुलांबरोबर त्यांची घरेही अभ्यासली आणि १९४० मध्ये स्थूल मुलांच्या 'कौटुंबिक चौकटी'वर निबंध प्रसिद्ध केला. अनेक आया स्थलांतरित होत्या, गरिबी आणि उपासमार पाहिलेल्या. मुलाला भरवणे हीच त्यांची माया आणि हीच सुरक्षितता. निरीक्षण मोलाचे होते. पण त्याची पुढची वाट वाकडी गेली: दोष आईवर येऊन बसला. दवाखान्यात बोलणी खाल्लेली आई मुलाला घेऊन पुन्हा त्या दारात येत नाही, हे समजायला वैद्यकाला आणखी काही दशके लागली. पुढे लेनर्ड एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी मूल आणि पालक यांना एकत्र उपचारात घेतले, आणि दहा वर्षांनंतरही त्या मुलांची स्थिती अधिक चांगली असल्याचे १९९० मध्ये दाखवून दिले. त्या पद्धतीत आई-वडील उपचारातले भागीदार होते, आणि घराची सवयच बदलायची होती.

मराठी मुलखात या विषयाला सर्वांत मोठे वळण मिळाले ते पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर काही नवे नव्हते. नवे होते ते पुढचे. या बारक्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'रोड पण मेदयुक्त' असे हे भारतीय बाळ २००३ च्या शोधनिबंधातून जगापुढे आले.

याज्ञिक यांनी ही गोष्ट पटवण्यासाठी स्वतःचेच शरीर वापरले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स हुबेहूब सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. शोधनिबंधांच्या रुक्ष जगात इतका मिश्कील पुरावा क्वचितच सापडतो.

मराठवाड्यासाठी याचा अर्थ गंभीर आहे. कमी वजनाने जन्मलेले, पुढे खाऊपिऊ घातलेले मूल डोळ्यांना नुसते 'भरलेले' दिसते, आणि मधुमेहाची वाट त्याच्यासाठी आधीच अर्धी आखलेली असते. कुपोषण आणि स्थूलता हे दोन वेगळ्या घरांचे आजार नव्हेत. एकाच घरात, कधी एकाच शरीरात ते एकामागून एक येतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारित वाढतक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळतील अशा वरच्या रेषा त्यांत आखल्या गेल्या. पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० पेक्षा त्या खालच्या, कारण भारतीय शरीरात धोका लवकर सुरू होतो. तक्त्याला अखेर वरची बाजू मिळाली.

तोवर ताट बदलले होते. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल गावच्या दुकानात आले. मागोमाग पाच रुपयांचे चमकदार पुडे आले. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीला तो लागू नव्हता. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. त्या पिशवीत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. गोडधोडाची सोय म्हणून लोकांना त्याचा आनंद झाला, आणि तो खराही होता. फक्त एका खात्याची पिशवी आणि दुसऱ्या खात्याचा सल्ला एकाच उंबरठ्यावर भेटतात, हे विसरता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १.९ टक्के बालके अतिवजनाची होती. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत ४.१ टक्के. त्याच फेरीत कमी वजनाची बालके ३६.१ टक्के होती. बिलोलीसारख्या तालुक्यातील आरोग्यसेविकेने आधी कोणाच्या घरी जावे, हे या दोन आकड्यांवरून उघड आहे, आणि म्हणूनच लहान आकड्यातले मूल सहज सुटते. जगाच्या पातळीवर मात्र तराजू कलला आहे: युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार ५ ते १९ वर्षे वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) पुढे गेले.

मग हे मूल दवाखान्यात कोणी न्यावे? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुले तपासतात. त्यांच्या 'कमतरता' या गटात रक्तक्षय, मुडदूस, गलगंड, जीवनसत्त्व अ ची उणीव आणि तीव्र कुपोषण आहे. सगळे उणेपणाचे आजार. अधिकपणाचे मूल या रचनेत पाहुण्यासारखे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी बालरोग अकादमीने स्थूल मुलांसाठी जी सूचना केली ती अशी: तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास, कुटुंबासह, आहार-व्यायाम-सवयींचे मार्गदर्शन. शास्त्र म्हणून निर्दोष. आता हे २६ तास बिलोलीच्या हिशेबात मांडून पाहावेत. एका भेटीला एक तास धरला तर नांदेडच्या २६ फेऱ्या. प्रत्येक फेरीला आईची किंवा बापाची एक मजुरी. सोयाबीनच्या सुगीत आणि कापूस वेचणीत तर फेरीच नाही. आणि एवढे कशासाठी? ज्याला ताप नाही, दुखणे नाही, जे हसतेखेळते आहे, ज्याला पाहून शेजारीण 'दृष्ट काढा हो' म्हणते, त्या मुलासाठी. मुलगी असेल तर आणखी एक गुंता. लहानपणीचे कौतुक तिच्या दहाव्या-बाराव्या वर्षी एकाएकी लग्नाच्या चिंतेत बदलते. मग घर दवाखान्याऐवजी उपाशी ठेवण्याकडे वळते, आणि वाढीच्या वयात ते सर्वांत वाईट.

कुपोषणाच्या कामातून हाती आलेली साधने इथे जवळपास तशीच लागू पडतात. गावातच होणारा उपचार, ओळखीची बाई, मजुरीचा विचार. २६ तासांपैकी बहुतेक तासांना तज्ज्ञ लागत नाही. काय शिजवायचे, तेल किती घालायचे, पुड्याऐवजी शेंगदाणे-गूळ किंवा भाजलेली ज्वारी कशी द्यायची, हे आशा किंवा अंगणवाडी सेविका अंगणात बसून बोलू शकते. बिलोली तालुक्यातच सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्वारी आणि परसबाग हा अशा केंद्रांचा नेहमीचा विषय. डॉक्टर हवा तो रक्तदाब, साखर, यकृत तपासायला आणि ग्रंथींचा दुर्मीळ बिघाड वगळायला. त्यासाठी वर्षात दोन-तीन फेऱ्या पुरतात, आणि तेवढ्या फेऱ्यांची बुडीत मजुरी देण्याचा रिवाज या राज्यात आधीपासून आहे. तो आजवर फक्त एका बाजूच्या मुलांसाठी वापरला गेला.

शब्दांचीही निवड करावी लागेल. 'तुमचे मूल जाड आहे' या वाक्यावर आजी उठून जाते. 'याच्या उंचीच्या मानाने वजन पुढे गेले आहे, उंचीला गाठू द्या' हे वाक्य तिला पटण्याजोगे आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्याही अचूक आहे. वाढत्या मुलाचे वजन बहुधा घटवायचे नसते. ते थोपवून उंचीला पुढे येऊ द्यायचे असते.

पण त्यासाठी उंची मोजलेली असावी लागते. अंगणवाडीत दशकानुदशके प्रामुख्याने वजनच मोजले गेले, आणि नुसत्या वजनावरून बुटके-जाड मूल आणि उंच-सडपातळ मूल वेगळे ओळखता येत नाही. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानातून उंची मोजण्याची पट्टी आणि बाळांची लांबी मोजण्याची फळी अंगणवाड्यांना मिळू लागली. २०२१ पासून दोन्ही आकडे सेविकेच्या मोबाइलमधील 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरले जातात. कमी वजनाचे तीव्र कुपोषित मूल त्यात निघाले, तर त्याला पाठवायला पोषण पुनर्वसन केंद्र आहे, खाट आहे, आईच्या जेवणाची सोय आहे. उंचीच्या मानाने वजन जास्त निघाले, तर आकडा तिथेच, पडद्यावर थांबतो.